घर तीन मजली, मंजुरी एका मजल्याची

"दादा, कागद सगळे क्लिअर हाईत. तू फक्त एकदा नजर टाक."

मावसभावाचा हा फोन आला तेव्हाच मी ओळखलं, की विसार एकतर देऊन झालाय किंवा उद्या द्यायचा ठरलाय. कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडला दीड गुंठ्यात तीन मजली घर. खाली मालक, वर दोन भाडेकरू, दारात चारचाकी लागेल एवढी जागा. मालकांना मुलाकडं पुण्याला जायचंय, म्हणून भाव बाजारापेक्षा थोडा उतरलेला. भाऊ हरखून गेला होता.

मी वकील नाही. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात वीसेक वर्षं नकाशे काढतोय, त्यामुळं नातेवाइकांत कुणी घर घ्यायला निघालं की टेप घेऊन मला बोलावतात. रविवारी गेलो. मालकांनी प्लास्टिकच्या फाईलमधून एकेक कागद काढून टीपॉयवर मांडला: त्यांचं खरेदीपत्र, प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेतीचा आदेश, चालू वर्षाची घरफाळ्याची म्हणजे घरपट्टीची पावती, लाईटबिल, पाणीपट्टी, मागच्या तीस वर्षांतले व्यवहार आणि बोजे तपासून वकिलांनी दिलेला सर्च रिपोर्ट. एजंट शेजारीच बसलेला. म्हणाला, "भावा, घरफाळा भरलाय, मीटर हाय, बोजा नाही. आनि काय पायजे?"

आणखी एकच कागद पाहिजे होता. मंजूर नकाशा मागितल्यावर मालक जरा थांबले, आत गेले आणि बऱ्याच वेळानं जुनी अमोनिया प्रिंट घेऊन आले. घड्यांवर फाटलेली, कडेला महानगरपालिकेचा शिक्का, साल १९९६. त्या नकाशात एकच मजला होता.

एजंटानं चहाचा कप उचलला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

घर घेताना दोन वेगळे प्रश्न असतात, आणि आपल्याकडं त्यातला पहिलाच विचारला जातो. पहिला प्रश्न, हे घर कुणाचं आहे? दुसरा, जे उभं आहे ते बांधायला परवानगी होती का? सर्च रिपोर्ट, प्रॉपर्टी कार्ड, सातबारा, खरेदीपत्र हे सगळे पहिल्या प्रश्नाची उत्तरं देतात. मालकी शंभर टक्के स्वच्छ असू शकते आणि वरचे दोन मजले शंभर टक्के बेकायदा असू शकतात. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, यात विरोधाभास काही नाही. टीपॉयवरच्या त्या सात कागदांतला एकही कागद दुसऱ्या प्रश्नाबद्दल अवाक्षर बोलत नव्हता.

घरफाळ्याच्या पावतीचा गैरसमज तर इतका खोल आहे की तो वेगळा सांगायला हवा. महानगरपालिका घरफाळा लावते ती वापरावर. तुम्ही बांधलंत, राहताय, म्हणून कर भरा. परवाना होता की नव्हता याचा त्या पावतीशी संबंध नाही. उलट, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणं बेकायदा बांधकामावर घरफाळ्याच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते, आणि ती शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही, हेही त्याच तरतुदीत लिहिलंय. म्हणजे दंड भरूनही बेकायदा ते बेकायदाच. पावतीवर 'शास्ती' असा रकाना असेल आणि त्यात आकडा असेल, तर ती पावती तुमच्या बाजूची नाही, तुमच्या विरोधातला पुरावा आहे.

लाईटचं मीटर, नळाचं कनेक्शन यांचंही तेच. आणि खरेदीपत्राची नोंदणी? दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, घर मोजायला जात नाही. मुद्रांक शुल्क भरलं, १ टक्का आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपये नोंदणी फी भरली, अंगठे-फोटो झाले, की दस्त नोंदला गेला. त्यानं व्यवहार पक्का होतो, बांधकाम पक्कं होत नाही.

मग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठं मिळतं? कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याखाली आधी अर्ज करायचा, नकाशा मंजूर करून घ्यायचा, बांधकाम परवाना घ्यायचा. हा परवाना एक वर्ष चालतो, मुदत वाढवत जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत नेता येतो. पाया वर आला की जोते तपासणी. बांधून झालं की भोगवटा प्रमाणपत्र. कोल्हापुरात त्याला सगळे 'कम्प्लिशन'च म्हणतात. जे मंजूर केलं तेच बांधलंय आणि आता राहायला हरकत नाही, असं ज्या एका कागदावर यंत्रणा स्वतः सांगते तो हाच. दुसरा कुठलाही कागद हे सांगत नाही.

मालकांकडं १९९६ च्या तळमजल्याचं कम्प्लिशन होतं. पहिला मजला २००४ मध्ये चढवला, थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा. दुसरा २०१२ मध्ये, आधी नुसता पत्रा होता, मग भिंती आल्या, मग भाडेकरू. त्यांनी हे काही लपवून सांगितलं नाही. खरं तर त्यांना त्यात काही लपवण्यासारखं आहे असंही वाटत नव्हतं. "गल्लीत सगळ्यांनी चढवलंय की." आणि ते खोटं नव्हतं. कोल्हापुरातली निम्मी कुटुंबं अशीच वर वर वाढलीत.

टेप लावल्यावर

नकाशा मी स्कूटरच्या सीटवर पसरला, दोन कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि भावाच्या हातात टेपचं दुसरं टोक दिलं. हे काम कुणालाही जमतं, इंजिनिअर लागत नाही. नकाशात घराभोवती चारही बाजूंना मोकळी जागा दाखवलेली असते, तिला सामासिक अंतर म्हणतात. बोलताना 'मार्जिन'. ती नकाशात किती आहे आणि जमिनीवर किती आहे, एवढंच बघायचं.

पुढं नकाशात ३ मीटर, टेपवर ३ मीटर. ठीक. मागं नकाशात २ मीटर, तिथं पत्र्याची न्हाणी आणि लाकडं. न्हाणी एका दिवसात काढता येते, चिंता नाही. डावीकडं दीड मीटर, तिथं दीड मीटर. उजवीकडं नकाशात दीड मीटर आणि प्रत्यक्षात? तिथं वरच्या मजल्यांसाठी २००४ मध्ये काँक्रीटचा जिना काढलेला, त्याखाली बाथरूम, आणि जिन्याची भिंत थेट कंपाऊंडला टेकलेली. टेपवर ३० सेंटिमीटर भरले. माणूस आडवा होऊनही जाणार नाही.

भावाला वाटत होतं, अडचण वरच्या दोन मजल्यांची आहे. मला अडचण त्या जिन्याची वाटली. का, ते जरा आकड्यांत सांगतो.

राज्यात डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळीकडं एकच एकत्रिकृत नियमावली आहे. कोल्हापूर त्यातच येतं. दाट वस्तीबाहेरच्या भागात निवासी प्लॉटला मूळ चटई क्षेत्र १.१० मिळतं, म्हणजे सगळे मजले मिळून प्लॉटच्या १.१० पट बांधकाम. त्यावर शुल्क भरून ६० टक्क्यांपर्यंत जादा, म्हणजे 'अनुषंगिक' क्षेत्र घेता येतं. दीड गुंठा म्हणजे सुमारे १५२ चौरस मीटर. त्याला १.१० नं गुणलं तर १६७. त्यावर ६० टक्के म्हणजे आणखी १००. एकूण २६७ चौरस मीटर. आणि उभं घर मोजलं तर तिन्ही मजले मिळून त्यापेक्षा कमीच भरलं.

म्हणजे बांधकाम आज मोजलं तर क्षेत्रात बसतं! १९९६ च्या नियमांत बसलं नसतं, पण आजच्या बसतं. शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरावर निघतं, वर तडजोड शुल्क, म्हणजे परवानगीशिवाय बांधल्याचा दंड. खिशाला चटका बसेल, पण मार्ग आहे.

जिन्याला मार्ग नाही. चटई क्षेत्र पैसे भरून मिळतं; शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंतची दीड मीटर हवा पैसे भरून सहसा मिळत नाही. आग लागली, गॅसचा स्फोट झाला, तर पाइप घेऊन माणूस घराभोवती फिरला पाहिजे, यासाठी ते अंतर असतं. लहान प्लॉटवर अपवाद म्हणून थोडी सवलत आयुक्तांकडं मागता येते, पण दीड मीटरचे ३० सेंटिमीटर म्हणजे सवलत नव्हे, चैन झाली.

एवढी मोजामोज केल्याशिवाय 'थोडंसं वाढीव बांधकाम आहे' या वाक्याचा अर्थच कळत नाही. ते थोडंसं कुठल्या बाजूला आहे, यावर सगळं आहे.

नियमित होणारं आणि न होणारं

ऑफिसात मी मनाशी ढोबळ तीन ढीग करतो.

पहिल्या ढिगात असतं ते बांधकाम, जे परवानगी न घेता केलं, पण अर्ज केला असता तर परवानगी मिळाली असती. आतल्या भिंती हलवल्या, खोली वाढवली, मजला चढवला, आणि सगळं नियमात बसतं. हे नियमित होतं. वेळ जातो, पैसे जातात, आर्किटेक्टची फी जाते, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो. जुन्या पायावर दोन मजले चढवले असतील, तर हा दाखला देणारा इंजिनिअर सही करताना दहा वेळा विचार करतो. करायलाच पाहिजे. एका मजल्यासाठी ओतलेले कॉलम तीन मजले किती वर्षं पेलतील, हा नगररचना विभागाचा नंतरचा आणि तुमच्या पोरांचा आधीचा प्रश्न आहे.

दुसऱ्या ढिगात येतं ते, ज्यातला काही भाग पाडला तर उरलेलं नियमित होईल. आमच्या फुलेवाडीच्या घराचा जिना इथला. पार्किंगच्या जागेत काढलेली भाडेकरूची खोली, दुकानाचं शटर, गच्चीवर पक्कं केलेलं शेड हेही बहुतेक इथलेच.

तिसरा ढीग वाईट. विकास आराखड्यात ज्या जागेवर रस्ता, बाग, शाळा असं आरक्षण आहे, तिच्यावरचं घर. नाल्याच्या काठाला, नाल्यातच पाय सोडून बसलेलं घर. आणि कोल्हापुरात जे कुणालाच वेगळं समजावून सांगावं लागत नाही, ते पूररेषेतलं घर.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळीकडचा भाग, नागाळा पार्कचा खालचा भाग, कुठं कुठं होड्या फिरल्या ते सगळ्यांच्या लक्षात आहे. कागदावर या पाण्याच्या दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये नवं बांधकाम निषिद्ध. बाग, पार्किंग, ओट्याची भाजी मंडई असलं काही चालतं. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर पाहिजे. पंचवीस आणि शंभर वर्षांच्या या भाषेवर दोन वर्षांत दोनदा पाणी काढलेल्या माणसानं हसावं की रडावं, हा वेगळा विषय. पण निळ्या रेषेच्या आत परवानगीशिवाय उभं राहिलेलं घर नियमित करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला हात जोडा आणि गाडीला किक मारा.

घर जुनं असेल, रेषा नंतर आली असेल, तर प्रश्न वेगळा. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती अडत नाही. म्हणूनच मूळ परवाना जपलेला असणं इथं सोन्यासारखं असतं.

'सरकार कधीतरी सगळं नियमित करतंच' हे वाक्यही प्रत्येक व्यवहारात एकदा येतं. त्यात अर्धं खरं आहे. २०१७ मध्ये १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ५२-अ आलं आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना तडजोडीनं अभय देण्याचे नियम झाले. त्या नियमांना उच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. असं अभय मिळालेल्या बांधकामाची दुरुस्ती करता येते, वाढ करता येत नाही. पाडून नवं बांधायचं तर त्या दिवशीच्या नियमात बसलं पाहिजे. तेव्हा कुणी 'योजनेत बसतंय' म्हणालं, तर त्याला एकच विचारा: अर्ज दाखल केलाय का, केला असेल तर पोच दाखवा.

हद्दीच्या पलीकडं

शहराची हद्द १९७२ ला महानगरपालिका झाली तेव्हापासून वाढलेली नाही, आणि माणसं मात्र पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, शिंगणापूरकडं गेली. बजेटमधलं घर म्हटलं की आता तिकडंच. तिथं कागदांची भाषा बदलते.

तिथं तुम्हाला ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा दाखवला जाईल, नमुना आठ. मालकाचं नाव, घराचं वर्णन, गोल शिक्का. हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम परवाना तर नाहीच. गावठाणाबाहेरच्या जमिनीवर बांधायला ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुरत नाही. शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आहे, परवानगी तिथून.

आधी जमीन बघा. सातबारावर शेती, झोन दाखल्यात शेती पट्टा, आणि वर बंगला, असं असेल तर तो बंगला कितीही देखणा असो, तिथून मागं फिरा. सातबारावर सात-आठ जणांची नावं आणि प्रत्येकाचा दीड-दोन गुंठे हिस्सा, पण मोजणी होऊन हिस्से फुटलेले नाहीत, हा दुसरा नमुना. तुम्ही विकत घेताय तो कागदावर कोपरा नसलेला हिस्सा. तुमची भिंत कुणाच्या हिश्श्यात आहे, हे भांडण झाल्यावर कळतं.

गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले जमिनीचे तुकडे. ते नियमित करण्याचा कायदा २००१ चा. आधी तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या तुकड्यांपुरता होता, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे तुकडे त्यात आले. पण 'गुंठेवारीत बसणारं' आणि 'गुंठेवारी झालेलं' यात फरक आहे. झालेलं असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र असतं आणि सोबत नकाशा. तुकडेबंदीच्या कायद्यातून तुकड्याला सूट मिळाली म्हणून त्यावरचं घर मंजूर झालं, असंही नाही. जमीन नियमित होणं आणि बांधकाम नियमित होणं ही दोन वेगळी दारं आहेत, किल्ल्या वेगळ्या.

पतसंस्था कर्ज देतेय, म्हणजे कागद बरोबर असणार, असं वाटतं. पतसंस्था जामीनदारांच्या सह्यांकडं बघून कर्ज देते. बँकांचं आता बदलतंय: १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय, की बँकांनी तारण घेताना भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच कर्ज द्यावं, आणि वीज-पाण्याची जोडणीही ते बघूनच द्यावी. याचा घर घेणाऱ्यासाठी साधा अर्थ असा, की आज तुम्ही रोखीनं किंवा पतसंस्थेच्या कर्जानं घ्याल, पण दहा वर्षांनी तुमच्याकडून घेणाऱ्याला बँक दारात उभी करणार नाही. भाव तिथं पडतो. त्याच निकालात हेही आहे, की बांधकाम जुनं झालं, पैसे गुंतले, अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली, यातल्या कशानंही ते कायदेशीर होत नाही.

नोटीस आली तर

नोटीस आज जो मालक आहे त्याला येते. ज्यानं बांधलं तो पुण्याला गेलेला असतो. १९६६ च्या त्याच नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस येते, कलम ५२ खाली गुन्हाही दाखल होऊ शकतो. नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ प्रमाणं परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. म्हणून नोटीस आली की नगरसेवकाच्या घरी नव्हे, आधी आर्किटेक्टकडं पळायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानं पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे. मात्र रस्ता, फूटपाथ, नदी-नाल्याच्या पात्रातल्या बांधकामाला हे संरक्षण नाही.

विकणाऱ्यावर दावा करता येईल का? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं विकणाऱ्यानं स्वतःला माहीत असलेला दोष सांगायला हवा, पण जो दोष घेणाऱ्याला साध्या चौकशीत दिसला असता, त्याबद्दल त्याला ओरडता येत नाही. आणि महानगरपालिकेत नकाशा बघणं ही साधी चौकशीच धरली जाणार. वर खरेदीपत्रात एक ठरलेलं वाक्य असतंच: "सदर मिळकत लिहून घेणार यांनी प्रत्यक्ष पाहून व खात्री करून आहे त्या स्थितीत खरेदी घेतली आहे." पानं उलटताना कुणी ते वाचत नाही. तुमची सही त्याच्या खाली असते.

बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर हात थोडा वर असतो. भोगवटा प्रमाणपत्र न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ते मिळेपर्यंत ती रोज चालूच राहते, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या प्रकरणात म्हटलंय. त्या सोसायटीतले लोक प्रमाणपत्राअभावी २५ टक्के जादा घरपट्टी आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत होते. एवढं मात्र ध्यानात असू द्या, की ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंत फ्लॅटना महारेराची, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाची नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच अपार्टमेंट नेमक्या त्या मापात बसवलेल्या असतात. सहा फ्लॅट, आणि मंजूर नकाशात नसलेलं एक पेंटहाऊस. त्या पेंटहाऊसच्या किमतीवर भुलू नका.

भावाला मी काय सांगितलं

घेऊ नको, असं मी सांगितलं नाही. कोल्हापुरात जुन्या घरांत नकाशाबरहुकूम घर शोधायला बसलो, तर भाऊ म्हातारा होईल. मी सांगितलं ते असं, की आत्ता विसार थांबव आणि नगररचना विभागातून नकाशाची व परवान्याची प्रमाणित नक्कल काढ. मालकांच्या कपाटातली प्रिंट चालत नाही, सुधारित नकाशा नंतर मंजूर झाला असेल तर तो तिथंच सापडतो. नक्कल नुसती मागून मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज, १० रुपयांचा, ३० दिवसांची मुदत. सोबत झोन दाखला आणि पूररेषेची खात्री. शेजारी-पाजारी विचारणं मी कागदाइतकंच मानतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानंच आम्हाला सांगितलं, की जिन्यावरून उजव्या बाजूच्या शेजाऱ्यानं आधीच एकदा महानगरपालिकेत तक्रार दिली होती. ती तक्रार कुठल्याच सर्च रिपोर्टमध्ये नव्हती.

मग भाव. तळमजला आणि जमीन यांची किंमत पूर्ण धरायची. वरच्या दोन मजल्यांची किंमत धरायची ती नियमितीकरणाचं शुल्क, तडजोड शुल्क, आर्किटेक्ट आणि इंजिनिअरची फी, जिना पाडून आतून नवा काढण्याचा खर्च वजा करून. आतून जिना काढला की तळमजल्याची एक खोली जाते, तीही वजा. आकडा लिहून काढला तेव्हा 'बाजारापेक्षा थोडा कमी' भाव बाजारापेक्षा बराच जास्त निघाला.

आणि साठेखत. त्यात मी वकिलांना एक कलम घालायला सांगितलं, भाषा त्यांची: "मिळकतीवरील बांधकाम नियमित करून त्याचे भोगवटा प्रमाणपत्र लिहून देणार यांनी मिळवावयाचे असून, ते मिळाल्याखेरीज अंतिम खरेदीपत्र होणार नाही. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास विसार रक्कम परत करावयाची आहे." नुसतं तोंडी 'करून देतो' चालत नाही. खरेदीपत्र झाल्यावर तर कुणीच काही करून देत नाही.

एजंटानं कलम वाचलं आणि म्हणाला, "असं कोण लिहून देतं का राव?" मालकांनी मात्र दोन दिवस घेतले, पुण्याच्या मुलाशी बोलले आणि सही केली. त्यांनाही त्या जिन्याची धास्ती होतीच, विचारायला कुणी आलं नव्हतं एवढंच.

प्रस्ताव आता दाखल झालाय. मजल्यांचं जमेल असं दिसतंय. जिन्यावर मात्र अडलंय: तो पाडून आत घ्यायला भाडेकरू हलवावे लागतील, त्यातला एक हलायला तयार नाही, आणि जिना तसाच ठेवून परवाना निघणार नाही. विसाराचा चेक वकिलांच्या कपाटात आहे. भाऊ दर रविवारी रंकाळ्यावरून येताना मुद्दाम रिंगरोडनं येतो आणि त्या घरासमोर गाडी जरा हळू करतो.